सौरसंच बसतो, पण बॅटरी कोण बदलणार?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण शाळांना सौरसंच देण्यासाठी शहरातील कंपन्या, संस्था आणि गृहसंकुले पुढे येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवून निवृत्त झालेली शिक्षिका म्हणून एक विनंती करावीशी वाटते. देणगी देतानाच पाच वर्षांची देखभाल आणि पुढच्या बॅटरीचा खर्च तिच्यात धरावा.

गेल्या जुलैत शहापूर तालुक्यातील एका पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत गेले होते. पावसाची झड आत येते म्हणून एका बाजूच्या खिडक्या लावलेल्या आणि वीज आदल्या संध्याकाळपासून गेलेली. तिसरीची मुले दाराच्या उजेडात सरकून बसली होती आणि दुसरीतील एक मुलगी फळ्यावरचे जोडाक्षर दिसावे म्हणून फळ्याला नाक टेकेल इतकी जवळ उभी होती. छपरावर चार वर्षांपूर्वी देणगीतून आलेली पॅनेल पावसाने धुऊन लखलखीत झालेली, पण खाली कोपऱ्यातल्या बॅटरीच्या टर्मिनलांवर पांढरट-हिरवा थर चढला होता आणि आतले पाणी केव्हाच प्लेटांच्या खाली गेले होते. डिस्टिल्ड वॉटर कधी आणि किती घालायचे, हे शाळेत कोणालाही दाखवलेले नव्हते.

पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. लेड-ॲसिड बॅटरी नीट सांभाळली तरी चार-पाच वर्षेच चालते. अशा शाळेची गरज खरे तर लहान असते. चार एलईडी नळ्या, कमी विजेवर चालणारे चार पंखे आणि एक टीव्ही मिळून तीनशे वॉटच्या आतच बसतात, म्हणजे सहा तासांच्या शाळेला दोन युनिटसुद्धा लागत नाहीत. एक किलोवॉटचा संच स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट देतो. पावसाळ्यात हे उत्पादन बरेच घटते, आणि नेमक्या त्याच दिवसांत वर्गात सर्वाधिक अंधार असतो, म्हणून साठवणीची जोड अटळ ठरते.

अलीकडे बॅटरीची कटकट नको म्हणून केवळ ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेले बिनबॅटरीचे संच सुचवले जातात. त्यांनी वीजबिल कमी होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत तयार झालेली वीजही नेट मीटरिंगमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली जादा वीज बिलातून वजा होत असल्याने, वाया जात नाही, हे खरे. परंतु बाहेरची वीज गेली की, तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षेसाठी, हा संच आपोआप बंद होतो. ज्या पाड्यावर वीजच सारखी जाते, तिथे भर दुपारीही त्याचा वर्गाला उपयोग होत नाही. हे देणगीदारांना आधी कोणी सांगत नसावे, असे वाटते.

शाळेने स्वतः बॅटरी घ्यावी म्हटले, तर तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातच खडू, रंगरंगोटी, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती. बॅटरीला उरणार काय?

आयआयटी मुंबईने दहा लाख विद्यार्थ्यांपर्यंत सौर अभ्यासदिवे पोहोचवले, तेव्हा गावातल्याच माणसांना दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले होते. तीच पद्धत इथेही लावता येईल. शहापूर आणि मुरबाड येथे शासकीय आयटीआय आहेत. तेथील वीजतंत्री अभ्यासक्रमाच्या मुलांना आसपासच्या आठ-दहा शाळा वाटून द्याव्यात, दर तीन महिन्यांनी फेरी ठेवावी आणि त्याचे मानधन देणगीतून द्यावे.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांना बारवी धरणाचे पाणी मिळते, आणि त्या धरणासाठी मुरबाड तालुक्यातल्या गावांनी आपली जमीन दिली आहे. त्या गावांच्या शाळांचा या निधीवर पहिला हक्क आहे, असे मी मानते.

जिल्हा परिषदेनेही संच स्वीकारताना देखभालीचा लेखी करार मागावा. शाळेच्या भिंतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागतेच. तिच्यावरच बॅटरी बसवल्याची तारीख आणि दुरुस्ती करणाऱ्याचा फोन नंबरही रंगवून घ्यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
ऐरोली, नवी मुंबई