दिवंगत करदात्यांची राहिलेली रिटर्न्स : शनिवारी सगळ्यांनी या

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी 6 ला नेहमीच्या हॉलवर बसायचंय, ज्यांच्याकडे नवरा किंवा बायको गेलेल्या क्लायंटची रिटर्न पेंडिंग आहे त्यांनी फायली घेऊनच या, कारण बिलेटेड (मुदत उलटून गेल्यावर भरायची) रिटर्न 31 डिसेंबरपर्यंतच भरता येते.

- इन्कम टॅक्स पोर्टलवर आधी जोडीदाराचं लीगल हेअर (कायदेशीर वारस) म्हणून रजिस्ट्रेशन. अप्रूव्हल यायला वेळ लागतो त्यामुळे हे आजच टाका. मृत्यू दाखला, गेलेल्याचं आणि वारसाचं पॅन, वारसाचा पुरावा लागेल. वारस दाखला नसेल तर सरकारी फॅमिली पेन्शनचं सर्टिफिकेटही चालतं, ताईंना उगाच तहसीलच्या चकरा मारायला लावू नका.
- मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न गेलेल्याच्या रिटर्नमध्ये, फॅमिली पेन्शन मात्र जोडीदाराच्या स्वतःच्या.
- लेट फी 5000, उत्पन्न 5 लाखांपर्यंत असेल तर 1000. हे आधीच सांगा.
- गेलेल्याच्या लॉगिनने परस्पर रिटर्न भरायची नाही, कोणीही.

आणि एक कळकळीची विनंती, समोरचं माणूस दुःखात असतं, बरेचदा घरातले कागद कुठे आहेत हेही त्यांना माहीत नसतं, तेव्हा पहिल्याच फोनवर पंधरा गोष्टी मागू नका, यादी लिहून द्या. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते हेही सांगा, बऱ्याच जणी त्याच धास्तीने उशिरा येतात.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.