क्लिपिंग स्विचच्या किटमध्ये जर्मेनियमऐवजी सिलिकॉन डायोड आल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलसाठी घेतलेल्या क्लिपिंग स्विच किटमधील चुकीचे सुटे भाग व सदोष आकृती

महोदय,

घरी बांधलेल्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये क्लिपिंग (डायोडने सिग्नलची टोके कापून आवाज फाटका करणे) बदलण्याची सोय करावी, या हेतूने मी आपल्याकडून स्विच आणि डायोडचे किट मागवले होते. स्विच एका बाजूला केला की सिलिकॉन डायोडची जोडी, दुसऱ्या बाजूला केला की जर्मेनियमची जोडी आणि मधोमध ठेवला की एकही डायोड नाही, असे त्याचे वर्णन होते. प्रत्यक्षात स्विच कुठेही केला तरी आवाज तोच राहतो. याबद्दल मी दोनदा कळवले. दोन्ही वेळा ‘आपले सोल्डरिंग तपासून पाहा’ एवढेच उत्तर आले आणि त्यानंतर तक्रार परस्पर बंद करण्यात आली.

तेव्हा सोल्डरिंगपासूनच सुरुवात करतो. चारही डायोड सर्किटमधून सोडवून मी ते मल्टीमीटरच्या डायोड मोडवर, म्हणजे डायोड वाहू लागताना त्यावर किती व्होल्ट पडतात ते दाखवणाऱ्या मोडवर, मोजले. सिलिकॉनच्या पाकिटातील दोन्ही ०.६० व्होल्टच्या आसपास आले, ते योग्यच आहे. परंतु ‘जर्मेनियम १एन३४ए’ असे लिहिलेल्या पाकिटातील दोन्ही डायोडही ०.५९ आणि ०.६१ व्होल्ट दाखवतात. माझ्याकडे जुन्या रेडिओतून काढलेला एक जर्मेनियम डायोड आहे, तो त्याच मीटरवर ०.२९ दाखवतो आणि बोटांत धरून थोडा ऊबदार केला की आकडा आणखी खाली येतो. आपले डायोड आकाराने १एन४१४८ या नेहमीच्या सिलिकॉन डायोडएवढेच लहान आहेत. केवळ आकारावरून निष्कर्ष काढणे बरोबर नाही हे मला मान्य आहे, पण मीटरवरील आकड्याबाबत तशी शंका उरत नाही. खात्रीसाठी मी त्या जागी स्वतःकडील दोन लाल एलईडी उलटसुलट जोडले, तर त्या बाजूला आवाज लगेच मोठा आणि मोकळा झाला, कारण एलईडी सुमारे १.७ व्होल्टपर्यंत सिग्नल कापत नाहीत. म्हणजे स्विच, वायरी आणि माझे सोल्डरिंग आपापले काम करीत आहेत.

वर्णनात तीन थांब्यांचा स्विच कबूल केला असताना पाकिटात दोनच थांब्यांचा निघाला. त्यामुळे डायोड पूर्ण बाजूला काढून ऑप-अँपचेच (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचेच) क्लिपिंग ऐकण्याची सोय मुळात मिळालीच नाही.

याहून गंभीर बाब सोबतच्या आकृतीची आहे. तीत स्विचची वायर थेट ऑप-अँपच्या आउटपुट पिनला जोडायला सांगितली आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या अशा सर्किटमध्ये त्या पिनवर बायसचे (सिग्नल नसतानाही असणाऱ्या स्थिर व्होल्टेजचे) साडेचार व्होल्ट कायम असतात, आणि डायोडचे दुसरे टोक ग्राउंडला असल्याने जोडीपैकी एक डायोड सिग्नल असो वा नसो, सतत वाहत राहतो. मी प्रथम आकृतीबरहुकूम जोडणी केली तेव्हा आवाज घुसमटला, चिप हाताला गरम लागली आणि पिनवरचे व्होल्टेज एक व्होल्टच्याही खाली आले. ही वायर डीसी (स्थिर व्होल्टेज) अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा कपलिंग कपॅसिटर आणि त्यापुढील १० किलोओहमचा रेझिस्टर यांच्या पलीकडे, व्हॉल्यूमच्या पॉटकडे जाणाऱ्या बिंदूवर हवी; तेथे डीसी पोहोचत नाही आणि रेझिस्टरमुळे ऑप-अँपवर भारही येत नाही. मी ती तेथे हलवल्यावरच पेडल चालू लागले. चूक शोधण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली, त्याचे फारसे काही वाटत नाही, कारण तो या छंदाचाच भाग आहे. पण पहिल्यांदाच सोल्डरिंग गन हाती धरणारा ग्राहक आपलेच काहीतरी चुकले असे समजून पेडल अडगळीत टाकून देईल.

तरी आपण मला जर्मेनियमचे दोन डायोड मोजून पाठवावेत आणि कबूल केलेला तीन थांब्यांचा स्विच द्यावा, किंवा किट परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. निवड आपली असली तरी आकृती दुरुस्त करून ती हे किट घेतलेल्या सर्व ग्राहकांना पाठवावी, ही मागणी दोन्ही परिस्थितींत कायम आहे. मीटरवरील आकड्यांची, दोन्ही पाकिटांची आणि आकृतीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. या वेळी उत्तर देण्यापूर्वी ती सर्किट समजणाऱ्या व्यक्तीने पाहावीत, अशी विनंती आहे.

आपला,
एक ग्राहक