ठोका चुकतो तो कुठल्या कप्प्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतला ‘ओमेगा-३ घ्या, ठोके ताळ्यावर ठेवा’ हा लेख वाचला. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) कॅप्सूलमधून घेतली की हृदयाचे ठोके सुधारतात, असा त्याचा सूर. सोमवारी सकाळी दहाच्या आत आमच्या आळीतल्या तिघांनी मला विचारलं, ‘कुठली बाटली आणू?’ चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. ते भाच्याच्या हाती देऊन सहा वर्षं झाली, तरी लोक अजून मलाच विचारतात. तिघांनाही थांबायला सांगितलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

लेख खोटा नाही, जुना आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आला असता तर त्याचं कात्रण मीच काऊंटरच्या काचेखाली सरकवलं असतं. बांग आणि डायरबर्ग हे डॅनिश संशोधक १९७० च्या सुमारास ग्रीनलंडला गेले आणि सील आणि मासे यांच्या चरबीवर जगणाऱ्या लोकांचं रक्त तपासून आले. या लोकांना हृदयविकार कमी होतो, असा तेव्हाचा समज होता. १९८९ मध्ये वेल्समधला अभ्यास आला. हार्ट अटॅकमधून उठलेले २,०३३ पुरुष त्यात होते. ज्यांना आठवड्यातून दोनदा तेलकट मासळी खायला सांगितली, त्यांच्यातले मृत्यू दोन वर्षांत २९ टक्क्यांनी कमी झाले. मग १९९९ मध्ये इटलीच्या ‘गिसी’ प्रयोगाचा निकाल लागला: ११,३२४ रुग्ण, रोज एक कॅप्सूल, आणि अचानक येणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. त्याआधीच हार्वर्डचे अलेक्झांडर लीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं, की हृदयाचा रक्तपुरवठा अडवला तरी माशांच्या तेलातली मेदाम्लं शिरेतून दिलेल्या बहुतेक कुत्र्यांचं हृदय थरथरत बंद पडत नाही. कारणही पटण्याजोगं होतं. ही मेदाम्लं हृदयाच्या पेशींच्या आवरणात बसतात आणि सोडियम-कॅल्शियम आत सोडणारी दारं जराशी आवळून धरतात. पेशी मग उगाच भडकत नाही.

एवढ्या शिदोरीवर मी बाटल्यांवर बाटल्या विकल्या. एकदा गळ्यात तुळशीची माळ असलेल्या काकांनी ‘ही पिवळी गोळी कशाची हो?’ असं विचारलं, तेव्हा माझी जी त्रेधा उडाली ती आजही आठवते. आत मासा, बाहेर जिलेटिन, आणि काका नुकतेच वारीहून आलेले.

तर या संशोधनात ठोक्यांबद्दल जे होतं, ते हृदयाच्या खालच्या कप्प्यांबद्दल होतं. खालचे कप्पे थरथरायला लागले, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालं, तर माणूस काही मिनिटांत जातो. मराठीत काळजाचा ठोका चुकतो तो एकाच ठिकाणी, पण खऱ्या हृदयाला चार कप्पे असतात. वरचे कप्पे थरथरले तर त्याला एट्रियल फिब्रिलेशन किंवा नुसतं ‘एएफ’ म्हणतात. त्यात माणूस जागच्या जागी जात नाही. नाडी मात्र बेताल होते. चार ठोके घाईत, मग एक गायब, मग दोन ढिले. वरच्या कप्प्यात रक्त साचून राहतं, त्याची गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. असा झटका येण्याचा धोका एएफ असलेल्यांत सुमारे पाचपट असतो. उतारवयात ठोके बिघडल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत हीच मंडळी फार, आणि आपल्या लेखात हे दोन आजार एकाच पोत्यात भरले आहेत.

एएफच्या बाबतीत नव्या प्रयोगांनी उलटंच दाखवलं. २०१८ च्या ‘रिड्यूस-इट’ मध्ये ८,१७९ लोक होते. निम्म्यांना रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए दिलं, म्हणजे माशाच्या तेलातल्या दोन मुख्य मेदाम्लांपैकी एक (दुसरं डीएचए). एएफसाठी इस्पितळात जावं लागलं ते औषध घेणाऱ्यांपैकी ३.१ टक्क्यांना, न घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांना. ‘स्ट्रेंग्थ’ या प्रयोगात १३,०७८ लोकांना दोन्ही मेदाम्लं असलेलं चार ग्रॅम औषध किंवा साधं मक्याचं तेल दिलं. तिथे नव्याने एएफ झालं २.२ विरुद्ध १.३ टक्क्यांना. २०२१ मध्ये सात प्रयोगांतल्या ८१,२१० लोकांचे आकडे एकत्र मांडले गेले. रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत एएफचा धोका ४९ टक्क्यांनी वाढलेला होता, एक ग्रॅम किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत १२ टक्क्यांनी. २०२३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी या औषधांच्या माहितीपत्रकात एएफ हा ‘कॉमन’ दुष्परिणाम म्हणून घालायला सांगितला. त्या भाषेत ‘कॉमन’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. ‘४९ टक्के’ ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात ‘रिड्यूस-इट’ मध्ये पाचेक वर्षांत शंभरामागे एक माणूस जास्त इस्पितळात गेला. त्याच प्रयोगात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू वगैरे धरून एकूण घटना २२ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आल्या. दुसऱ्या गटाला दिलेल्या खनिज तेलाने त्यांचंच थोडं बिघडलं आणि फरक फुगला, असा वाद त्यावर अजून चालू आहे. तेव्हा ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, फार वाढलंय म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं असेल, तर माझं पत्र वाचून कोणी ते बंद करू नये. माझं भांडण चिठ्ठीशिवाय आणलेल्या बाटलीशी आहे.

त्या बाटलीवर समोर ठळक अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेलं असतं. ते तेलाचं वजन. मागचं बारीक लेबल चष्मा लावून वाचलं तर नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅम निघतात. रोज अशी एक घेणाऱ्याला फायदाही फारसा नाही, तोटाही फारसा नाही, फक्त खिसा हलका. मधुमेह्यांवरच्या ‘असेंड’ प्रयोगात १५,४८० जणांपैकी निम्म्यांना रोज ८४० मिलिग्रॅम वर्षानुवर्षं देऊनही हृदयाच्या बाबतीत काही हाती लागलं नाही. पण आता ‘ट्रिपल स्ट्रेंग्थ’ कॅप्सूल आल्या आहेत, एकेकीत त्याच्या तिप्पट. व्यायामशाळेत जाणारी मुलं त्या दिवसाला चार-चार घेतात. ही मात्रा प्रयोगातल्या चार ग्रॅमच्या जवळ जाते, आणि चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर, ईसीजी काढणारा कोणी, यातलं मध्ये कुणीच नसतं.

माझंही सांगतो. आठ वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात जिना चढताना छातीत मासा फडफडावा तसं झालं. ईसीजीत एएफ निघालं. त्याआधी सात वर्षं मी स्वतःच्याच दुकानातून उचलून रोज दोन कॅप्सूल घेत होतो. त्यामुळेच झालं असा माझा दावा नाही. वय होतं, जुना रक्तदाब होता, तेवढं पुरेसं आहे. पण इतक्या वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नव्हतं की हे कशासाठी घेता, आणि मीही कुठल्या गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं. हृदयरोगतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत विचारलं. मी बाटली बंद केली, रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली, ती अजून चालू आहे.

बांगडा मात्र बंद केला नाही. आमच्याकडे मिरकरवाड्यावरून आलेला ताजा बांगडा, तिरफळ घालून केलेलं तिखलं, हे कॅप्सूलच्या रांगेत उभं करू नये. अमेरिकेत पासष्टीपुढच्या ४,८१५ लोकांवर बारा वर्षं नजर ठेवून २००४ मध्ये निष्कर्ष छापला: भाजलेली किंवा शेकलेली मासळी आठवड्यातून एक ते चार वेळा खाणाऱ्यांत एएफ २८ टक्क्यांनी कमी. तळलेल्या मासळीला हा गुण दिसला नाही. (हे वाचून सौ.ला फार समाधान झालं, कारण रव्यात घोळून तळलेला तुकडा तिने माझ्या ताटातून आधीच उचलला होता.) ही निरीक्षणं आहेत, प्रयोग नव्हेत. मासळी खाणारी माणसं आणखी बऱ्याच बाबतींत वेगळी असू शकतात. पण मात्रेचा फरक बघा. आठवड्यातून दोनदा तेलकट मासा खाल्ला तर ही मेदाम्लं रोजची सरासरी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पडतात. रोज चार ग्रॅम मासळीतून मिळवायचे म्हटले तर दिवसाला ताटभर बांगडे संपवावे लागतील.

शाकाहारींसाठी लेखात जवस सुचवलं आहे. विदर्भातली जवसाची चटणी मलाही आवडते, तिने काही बिघडत नाही. पण जवसातलं मेदाम्ल वेगळं, एएलए नावाचं. शरीर त्यातल्या थोड्याच भागाचं ईपीए करू शकतं, डीएचए तर त्याहून कमी. नेदरलँड्समध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ४,८३७ लोकांना लोण्यासारख्या मार्गारिनमधून ही मेदाम्लं दिली होती, कुणाला माशातली, कुणाला एएलए, कुणाला दोन्ही. हृदयाच्या मोठ्या घटना कशानेच कमी झाल्या नाहीत. चटणी चवीसाठी खावी, एवढंच.

विनंती एकच. पुढच्या रविवारी पुरवणीत छोटी चौकट छापा: वरचा कप्पा आणि खालचा कप्पा हे आजार वेगळे, पंचावन्नच्या पुढच्यांनी किंवा ज्यांची नाडी आधीच बेताल आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू करू नयेत, आणि आकडा बाटलीच्या मागचा वाचावा. मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी कशी पाहायची, तेही सांगता आलं तर बरं. त्याला पैसे पडत नाहीत.

ता. क. सोमवारच्या तिघांपैकी एकाने बाटली आधीच आणली होती. मागचं लेबल मी वाचून दाखवलं: एका कॅप्सूलमध्ये ९०० मिलिग्रॅम, आणि हे सद्गृहस्थ सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घेणार होते. त्यांची नाडी पाहिली, ती सरळ चालते आहे. बाटलीचं सील फोडलेलं नव्हतं, भाच्याने ती परत घेतली.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
रत्नागिरी