इतिहासाच्या तासाला चार चौकटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इतिहासाची गोडी लागावी म्हणून प्रोजेक्टरवर ऐतिहासिक कार्टून लावण्याची पद्धत आता कोकणातल्या शाळांमध्येही रुळली आहे. वर्ग शांत बसतो, शिक्षकाचा घसा वाचतो, तास निघून जातो. आठवड्याने विचारलं तर तलवारींचा खणखणाट तेवढा आठवतो, लढाई कशावरून झाली ते कोणी सांगत नाही. तोच वेळ मुलांकडून चार चौकटींचं कार्टून काढून घ्यायला दिला, तर धडा आपोआप दोन-तीनदा वाचला जातो. चित्र काढायचं म्हटलं की घराला छप्पर कसलं होतं इथपासून प्रश्न सुरू होतात.

पहिल्या खेपेला विषय लढाईचा नको. सगळी जागा घोडे खातात आणि घोडा भल्याभल्यांना जमत नाही. कोकणातल्या मुलांसाठी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला (मराठी राज्याच्या कारभाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथातला) आरमाराच्या लाकडाचा उतारा फार सोयीचा आहे. जहाजांना लाकूड लागतं. सागवानासारखी झाडं परवानगीने तोडावीत. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं. यातच चार चौकटी तयार आहेत: गोदीत लाकूड संपलं, कुऱ्हाडवाले फणसाखाली आले, मालकीण आडवी आली, हुकूम वाचला गेला. अंगणात फणस असलेल्या मुलाला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

कागद पाव इंपिरियल (सुमारे 38 बाय 28 सेंटिमीटर), आडवा. कडेला दीड सेंटिमीटर समास आणि मध्ये एक सेंटिमीटर फट सोडली की 17 बाय 12 सेंटिमीटरच्या चार चौकटी बरोबर बसतात. प्रत्येक चौकटीचा वरचा 4 सेंटिमीटरचा पट्टा पेन्सिलीने आखून संवादासाठी राखून ठेवायचा. इथेच हमखास घोटाळा होतो: मुलं आधी फुगा काढतात आणि मग त्यात शब्द कोंबतात. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे शेवटची ओळ फुग्याबाहेर सांडते. म्हणून अक्षरं आधी, फुगा त्यांच्याभोवती नंतर. दोन शिरोरेघांत 12 मिलिमीटर अंतर, जास्तीत जास्त तीन ओळी, एका फुग्यात बारा शब्दांहून अधिक नाहीत. जो आधी बोलतो तो डावीकडे उभा हवा, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. माणसं काड्यांची काढली तरी चालतात. तिघांचा गट करावा: एक माहिती काढणारा, एक संवाद लिहिणारा, एक चित्र काढणारा. पुढच्या वेळी कामं बदलायची, नाहीतर बरा हात असलेला मुलगा वर्षभर एकटाच राबतो.

कच्चं चित्र झालं की शिक्षकाने चारच गोष्टी तपासाव्यात: छप्पर, दिवा, किनाऱ्यावरची झाडं आणि जहाज. मुलं शिवकालातल्या घरावर हमखास मंगलोरी कौलं काढतात. ही कौलं मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात 1865 पासून बनू लागली. त्याआधी गवत, पेंढा, माडाची झापं किंवा नळीची कौलं. रॉकेलचा काचेचा कंदील आणि काडेपेटी याही एकोणिसाव्या शतकातल्या वस्तू. तिथे पणती किंवा मशाल हवी. किनाऱ्यावर सुरूचं बन काढलं असेल तर तेही नंतरचं, ते खोडून माड लावावेत. सर्वांत वाईट अवस्था जहाजाची. चाच्यांच्या सिनेमातलं फुगीर गलेऑन कान्होजी आंग्ऱ्यांच्या आरमारात आणून उभं करतात. तिथे हवी गुराब, म्हणजे मोठी लढाऊ नौका: तिची नाळ (पुढचं टोक) निमुळती आणि पाण्यावर पुढे आलेली असते, डोलकाठ्या दोन, मोठीला तीन, आणि पुढच्या तोफा नाळेवरून सरळ समोर डागतात. गलबत त्याहून लहान, मोठं त्रिकोणी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही. चुकीवर लाल फुली मारू नये. 'ही वस्तू कधी आली ते शोध' एवढंच सांगून कागद परत द्यावा. खरा अभ्यास त्या शोधण्यात होतो.

महाराजांची किंवा कोणाही थोर व्यक्तीची अर्कचित्रं मुलांकडून काढून घेऊ नयेत. वाद होतील हे एक कारण, आणि आपण रचलेलं वाक्य त्यांच्या तोंडी घातलं की मूल पुढे तेच खरं धरून चालतं, हे दुसरं आणि मोठं. बोलू द्यावं पाथरवटाला, खलाशाला, कुऱ्हाडवाल्याला. हुकूम फक्त कागदावर दिसावा, आणि त्यातले शब्द मूळ उताऱ्यातलेच असावेत.

आठवीपासून पुढे त्या-त्या काळातली खरी व्यंगचित्रंही वर्गात आणता येतात, मात्र मथळा झाकून. इंग्लिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरे याचं 1805 सालचं चित्र घ्या: टेबलावर पृथ्वीच्या आकाराचं पुडिंग, इंग्लंडचा पंतप्रधान पिट त्रिशूळासारख्या काट्याने समुद्र कापतोय आणि नेपोलियन तलवारीने युरोप. दहा मिनिटं फक्त 'काय दिसतंय' विचारायचं. 'अर्थ काय' हा प्रश्न त्यानंतर. लगेच अर्थ विचारला की हुशार दोघं बोलतात आणि बाकी वर्ग मान डोलावतो. खुणा मात्र आधी सांगाव्या लागतात: सिंह म्हणजे ब्रिटन हे आपल्या मुलांना कुठून ठाऊक असणार? 1857 च्या 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकामध्ये ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतो आणि वाघाच्या पंजाखाली बाई आणि मूल. हे चित्र कोणत्या वाचकांसाठी काढलं, आणि वाघाच्या बाजूने कोणी काढलं असतं तर त्यात काय दिसलं असतं, हे विचारल्याशिवाय ते दाखवूच नये. उलट बाजूचं चित्र मुलांनी पुढच्या तासाला काढून आणावं.

अशी चित्रं शाळांना सहज मिळत नाहीत. आपल्या दैनिकाने मुलांच्या पानावर पंधरवड्यातून एकदा असं एक चित्र मथळ्याशिवाय छापावं, खाली फक्त वर्ष आणि देश. खुलासा पुढच्या अंकात. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या या चित्रांना छापण्याच्या हक्काची अडचण येत नाही. आकार निदान तीन कॉलमचा हवा. त्याहून लहान छापलं तर झेरॉक्स काढताना बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो.

– इतिहास व चित्रकला विषयांचे शिक्षक, जि. रत्नागिरी