पैसे येतील, घोर करू नका

स्टुटगार्ट (जर्मनी),
३० नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. थंडीचे कपडे भरपूर आहेत आणि आई, मी वेळेवर जेवते. दवाखान्यातल्या ड्युटीचं फोनवर सांगतेच, ते परत लिहीत नाही. पैशाचं मात्र फोनवर नीट होत नाही. तुम्ही रानात असता, रेंज तुटते आणि अण्णांचा आवाज चढतो. म्हणून लिहून पाठवतेय. भैय्याला छापून आणायला सांगा आणि पासबुकाच्या पिशवीत ठेवा.

अण्णा, परवा तुम्ही म्हणालात, "चार महिने झाले, पगार होतोय म्हणतीस, मग पैसे हायेत कुठं?" मला ते फार लागलं. मी एक युरो वायफळ घालवलेला नाही. पहिले दोन महिने माझं खातंच नव्हतं, आणि इथं पगार हातात देत नाहीत, खात्यावरच टाकतात. खात्याला राहण्याचा दाखला लागतो आणि दाखल्याला घरमालकाची सही. एका बँकेनं तर माझे कागद बघून सरळ नाही म्हणून सांगितलं. आमच्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टर म्हणाल्या, घाबरू नको, २०१६ पासून इथं कायदा आहे, जो इथं कायदेशीर राहतो त्याला साधं खातं नाकारता येत नाही. मग दुसऱ्या बँकेत गेले. पासपोर्ट आणि दाखला बघितला, सह्या घेतल्या, अर्ध्या तासात काम झालं.

तरी पैसे हातात आले नाहीत. का, ते तुम्हाला खरं वाटणार नाही. इथं पत्त्यात घराचा नंबर असतो, पण त्या घरातल्या कुठल्या खोलीत कोण, ते नसतं. चार मजले, बारा बिऱ्हाडं, आणि खाली भिंतीला बारा पत्रपेट्या. प्रत्येक पेटीवर बोटभर पट्टीत आडनाव लिहिलेलं. पोस्टमन ते आडनाव बघतो आणि पत्र टाकतो. आडनाव दिसलं नाही तर पत्र परत. तो कुणाला विचारत नाही, बेल वाजवत नाही, शेजारी कुणी सांगतही नाही. मी एका बाईंच्या घरात एक खोली घेतलीय, तेव्हा पेटीवर नाव त्यांचंच होतं. बँक कार्ड एका पाकिटात पाठवते आणि पिन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात. दोन्ही परत गेली. मी रोज संध्याकाळी पेटी उघडून बघत होते. शेवटी बाईंना विचारून त्यांच्या नावाखाली माझं आडनाव कागदावर लिहून चिकटवलं आणि पाकिटं परत मागवली. आपल्याकडं औशाचा पोस्टमन अण्णांना मोंढ्यावर गाठून पत्र देतो, हे मी इथं सांगितलं तर कुणाला पटलं नाही. पेटीवरची माझ्या आडनावाची ती चिठ्ठी अजून तशीच आहे. येता-जाता तिच्यावरून हात फिरवते.

त्या दिवसांत केरळच्या सिस्टरनी २०० युरो उसने दिले. ते पहिल्या पगारात फेडले. उपाशी राहिले नाही, हे आईला सांगा.

आता पाठवलेल्या पैशाचं. ऑक्टोबरात पाठवलेले परत आले, ती चूक माझी. मी नाव आधारवरचं टाकलं, पासबुकावर अण्णांच्या नावापुढं "राव" आहे. नाव जुळलं नाही की बँक पैसे माघारी धाडते. दुसऱ्यांदा ३०० युरो पाठवले तर कमी पोचले. अण्णा, मोंढ्यावर सोयाबीन घातल्यावर पट्टीत हमाली-तोलाई कापून रक्कम हातात येते ना, तसंच झालं. इथून निघालेले पैसे मधल्या एखाद्या बँकेतून जातात, ती आपलं कापून घेते. शिवाय युरोचा भाव बँक आपल्या हिशोबानं कमी लावते. आता मी सगळा खर्च माझ्याकडं घेऊन पाठवते, म्हणजे वाटेत काही कापलं जाणार नाही. आणि शेजारचे काका काहीही म्हणू देत, लेकीनं आईबापाला पाठवलेल्या पैशावर तुम्हाला आयकर लागत नाही.

माझं औशाच्या बँकेतलं जुनं खातं मात्र तसंच ठेवून चालणार नाही. मी आता परदेशात राहते, म्हणून ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं तिकडच्या पैशाचं खातं, करावं लागतं. फॉर्म मी सही करून पाठवते. बचतीसाठी एनआरई, म्हणजे इथली कमाई तिकडं ठेवायचं खातं, उघडणार आहे, त्याच्या व्याजावर तिकडं कर नाही आणि पैसे लागले तर इकडं परत आणता येतात.

५ तारखेला ४०० युरो निघतील. त्यातले आधी आईच्या पाटल्या सोडवायला घ्या. माझ्या जर्मनच्या क्लाससाठी त्या गहाण पडल्या, हे मी एक दिवस विसरले नाही. येळवसीला, वेळा अमावस्येला, रानात आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवताना आईच्या हातात पाटल्या असाव्यात, एवढं करा. मला सुट्टी नाही. मागितली होती, खरंच मागितली होती.

निलंग्याच्या स्थळाला इतक्यात हो म्हणू नका. मुलगा वाईट आहे असं नाही. माझी इथली परीक्षा पास झाल्याशिवाय मला पूर्ण नर्सचा पगार मिळत नाही, आणि मध्येच लग्न धरलं तर सगळंच लांबतं. वय वाढतंय हे मलाही कळतं, आई. तू फोनवर रडू नकोस, मग मला दिवसभर काम सुचत नाही. मे महिन्यात येते, तेव्हा समोर बसून बोलू.

भैय्याला आशीर्वाद.

तुमची लेक

ता. क. भैय्याच्या कॉलेजची फी या पैशातून भरू नका. ती मी जानेवारीत वेगळी पाठवते. हे फक्त पाटल्यांचे आहेत.