लुगडं परत करायचं राहिलं, काकानू

काकानू,

तुमच्या सुनेने सांगितलं, की या हंगामापासून तुम्ही आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकांसाठी तोंडाला रंग लावणं थांबवलंत. गुडघे ऐकत नाहीत म्हणे. ते ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसले. सगळ्यांदेखत लिहितेय, कारण आमच्या दहावीच्या वर्गातले 31 जण आता कुठेकुठे पांगलेत आणि आभार एकटीने मानण्यासारखे नाहीत. नातवाला वाचून दाखवायला सांगा. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला ओळखायचं तो पहिल्या चार ओळींत ओळखेल.

1999 सालची गोष्ट. कुडाळ तालुक्यातली आमची शाळा म्हणजे कौलारू चार खोल्या आणि एक ऑफिस. नववी आणि दहावीच्या मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. पलीकडे भूमिती चालली, की इकडे इतिहास शिकवणाऱ्या बाईंना आवाज चढवावा लागे. पावसात कौलांवर असा मारा व्हायचा, की दोन्ही वर्गांत नुसतं फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते पार्टिशन निघायचं आणि दोन वर्गांचा एक हॉल व्हायचा. वर्षातून एकदाच नववीची मुलं समोर दिसायची, त्याचंसुद्धा अप्रूप होतं.

त्या वर्षी नाटक आमच्याकडे आलं. सरांनी कुडाळहून एक छापील एकांकिका आणली होती. त्यात एक दिवाणखाना, एक टेलिफोन आणि एक विसरभोळे मामा. आमच्यातल्या निम्म्यांनी दिवाणखाना बघितला नव्हता. सगळे भाषणं घोकून घोकून फळ्याकडे बघत म्हणायचो आणि फोन म्हणून कंपासपेटी कानाला लावायचो. तुम्ही विहिरीवरून घरी जाताना खिडकीशी थांबलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग मला विचारलंत, "ह्या कोण बोलता? तुझी आवस अशी बोलता?" म्हणजे, तुझी आई अशी बोलते का?

वर्ग हसला. मला राग आला होता, आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः मुख्याध्यापकांकडे गेलात. शाळेत दशावतार नको, मुलांची भाषा आधीच अशुद्ध, असं ऑफिसात एकाने म्हटल्याचं आम्ही दाराआडून ऐकलं. तुम्ही म्हणालात, की दशावतारात देव शुद्धच बोलतात, मालवणीत बोलतो तो लोकांना हसवणारा राक्षस, संकासुर. तेव्हा राम शुद्ध बोलेल, तारा शुद्ध बोलेल, वानरांना मात्र मोकळीक द्या. एवढ्यावर तडजोड झाली. वालीवधाचं आख्यान ठरलं. वालीची राणी तारा मी.

मोठी माणसं ज्याला मदत म्हणतात, ती बहुतेक वेळा सवडीतली असते. तुम्ही केलीत ती ऐन हंगामात. त्रिपुरी पौर्णिमा झाली, की जत्रा सुरू, रोज नवं गाव, मध्यरात्री आख्यान उभं राहायचं ते उजाडेपर्यंत. कंपनीचा टेम्पो पुढच्या गावाला जायचा आणि तुम्ही मात्र पहिली एस.टी. धरून घरी यायचात. दोन-तीन तास झोप. मधल्या सुट्टीला शाळेत हजर, डोळ्यांच्या कडांना रात्रीचं काजळ तसंच. तुम्ही सोयरे कुणाचे नव्हतात आणि तुमचा मुलगा कधीच शाळेबाहेर पडला होता. संध्याकाळी पुन्हा पिशवी खांद्याला. 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा' ही म्हण आम्ही हसण्यावारी म्हणायचो. तुमच्या बाबतीत तर राजासुद्धा नाही, कारण तुम्ही स्त्रीपार्टी, बायकांची सोंगं घेणारे. रात्री राणी.

"भाषणा पाठ करू नका. गोष्ट ध्यानात ठेवा, भाषणा आपसूक येतली." हे ऐकून सरांचा जीव घाबरला होता. तुम्ही कथानक एकदाच सांगितलंत. कोण कुणावर का चिडलाय, कोणाला काय हवंय, कोण कुठून येणार आणि कुठे जाणार. बाकीचं आमच्यावर. पहिल्या दिवशी सुग्रीव आणि वाली चार वाक्यांत भांडण संपवून खाली बसले. आठवड्याने त्यांना आवरायला लागत होतं.

बाकांचा रंगमंच करायचा म्हणून आम्ही बारा बाकं काथ्याने बांधायला घेतली होती. तुम्ही एकच बाक ठेवायला सांगितलंत. तेच सिंहासन, तोच पर्वत, आणि राम त्याच्यामागेच लपणार. उरलेल्या बाकांवर गावातल्या म्हाताऱ्या बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या शाळेच्या बाकावर बसल्या असतील.

आणि माझं चालणं. मी रोज सकाळी डोक्यावरून लाकडं आणणारी. बाईसारखं, तेही राणीसारखं चालायला मला एका पुरुषाने शिकवलं, हे मी अजूनही लोकांना सांगते. मी लाजून खांदे पाडून चालायचे. तुम्ही म्हणालात, "भारो घेतल्यार मान कशी ताठ रवता? तीच ठेव. फकत भारो काढ." एवढंच. मी भारा काढला. मान तशीच ठेवली.

तुमचं जांभळं लुगडं तुम्ही मला दिलंत. तुमच्या पेटाऱ्यातलं, जरीच्या काठाचं, कापराचा वास येणारं. डाव्या काठाला आतल्या बाजूने दोन ठिकाणी रफू होतं, वरून कळत नव्हतं. नेसवलंत मात्र आईकडून. स्वतः पाठमोरे उभे राहून "निरी आणखी एक घे, चलताना पाय अडकतलो" असं सांगत होतात. त्या रात्री जवळच्याच गावात तुमचं नाटक होतं आणि तुम्ही दुसरं लुगडं नेसून तारेऐवजी दुसरंच सोंग केलंत, हे मला दोन वर्षांनी कळलं.

संमेलनाच्या दिवशी जे घडलं, ते वर्गातल्या प्रत्येकाला आठवतं. तुम्ही पेटी वाजवायला बसलेले. वाली पडला. मी त्याच्या छातीवर हात ठेवून विलाप सुरू केला आणि समोर वालीची आई खरोखरच हुंदके देऊन रडायला लागली. ते ऐकून मेलेल्या वालीला हसू फुटलं. दाबता येईना. पोट गदगदा हलायला लागलं, माझा हात त्याच्याबरोबर वरखाली. मागच्या मुलांच्या लक्षात आलं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काही सांगितलं नाहीत. भाता चालू, एकच सूर धरून ठेवलेला.

मग मी म्हटलं, "हसताय, स्वामी? देवाने झाडाआडून बाण मारला म्हणून हसताय?"

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. वाली थांबला. बाकामागून उठलेला राम, आमच्या वर्गातला पहिला नंबर, मान खाली घालून उभा राहिला. त्याचं ठरलेलं होतं ते मोठं शुद्ध भाषण त्याला सुचलंच नाही. मला वाटतं, रामाचं तेच काम सगळ्यांत चांगलं झालं.

नंतर तुम्ही पेटी पुसत विचारलंत, "ह्या खंय शिकलंस गो?" मला उत्तर आलं नाही. आणि तुम्हीही थांबला नाहीत, जत्रेला जायची एस.टी. होती.

मी आता एस.टी.त कंडक्टर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहाटेच्या गाडीला अजून कधी कधी दशावतारी चढतात. बहुतेकांचे टेम्पो असतात, पण एखादा स्त्रीपार्टी घरच्या ओढीने एकटाच निघालेला असतो. कानाजवळ थोडा रंग राहिलेला, बसल्या बसल्या डोळा लागलेला. तिकीट फाडते, त्याला इलाज नाही. पण 'गाव इला' म्हणून उठवते मीच, आणि तो उतरून पेटी घेईपर्यंत घंटी मारत नाही.

लुगडं माझ्याकडेच राहिलं. तुम्ही मागितलं नाहीत आणि मी आणून दिलं नाही. दर दसऱ्याला उन्हात घालते. येत्या रविवारी घेऊन येते. रफूच्या खाली तिसऱ्या ठिकाणी थोडं विरलंय, ते तुमच्याकडूनच शिवून घेणार आहे.

तुमची,
दहावीतली तारा