जुन्या गाडीची थरथर शोधून देणाऱ्या दोघांचे आभार
ताशी ६० किलोमीटरच्या पुढे वेग गेला की वडिलांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी थरथरू लागे, आणि चाकांचे बॅलन्सिंग दोनदा करूनही त्यात फरक पडला नव्हता. पसरणी घाटाच्या पायथ्याशी ज्या दोन अनोळखी मेकॅनिक बंधूंनी धावती गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला लावून ही थरथर इंजिनाच्या फेऱ्यांनुसार नव्हे, तर गाडीच्या वेगानुसार बदलते हे दाखवले, त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे शक्ती नेणारा फिरता दांडा) उतरवूनही थरथर कायम राहिली, तेव्हा त्यांनी मागचा शाफ्ट तपासला. युनिव्हर्सल जॉइंटचा, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या सांध्याचा, अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस झिजला होताच; शिवाय पूर्वी कधीतरी जोडताना शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके भाग) एका रेषेत बसवलेले नव्हते, आणि मुख्य दोष तोच होता. त्यांनी मजुरीही घेतली नाही.